डाख, तांबे आणि जयपूरचे पाणी

जुन्या मोटारीचा रेडिएटर गळू लागला म्हणजे तो दुरुस्त करावा की बदलावा, हा प्रश्न वरवर पाहता खर्चाचा वाटतो. प्रत्यक्षात तो धातूचा, पाण्याचा आणि हवामानाचा प्रश्न असतो, आणि या तिन्ही बाजू राजस्थानच्या राजधानीत विशेष तीव्रतेने एकत्र येतात. मोती डुंगरी, राजा पार्क आणि जवाहर नगर यांच्या शेजारची तिलक नगर ही वसाहत त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. येथे मे आणि जून महिन्यांत दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या वर राहते आणि अनेकदा पंचेचाळीसला भिडते. भूगर्भातील पाणी क्षारयुक्त आहे. आणि पूर्वेकडे आग्रा रस्त्याला लागताच घाट की गूणीच्या डोंगरांतील चढ सुरू होतो. इंजिनाला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची परीक्षा पाहण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही.

जुनी मोटार येथे टिकून राहते, याला कायद्याचाही आधार आहे. मोटार वाहन अधिनियमानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर वाहन तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांपासून दिल्लीच्या परिसरात जुन्या वाहनांवर जी बंधने आली, त्यांचा संबंध राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या अलवर आणि भरतपूर या राजस्थानी जिल्ह्यांशी येतो, जयपूरशी येत नाही. त्यामुळे वडिलांनी घेतलेली पद्मिनी, सरकारी लिलावात मिळालेली ॲम्बॅसेडर किंवा घरातली पहिली मारुती ८०० येथे कागदोपत्रीही जिवंत राहू शकते, आणि तिचा रेडिएटर हा कोणाच्या तरी रोजच्या काळजीचा विषय राहतो.

यांपैकी पद्मिनीचे कूळ मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही मोटार तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले, म्हणजे कुर्ल्यात घडलेली गाडी राजस्थानचे नाव घेऊन देशभर फिरली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी पद्मिनी मात्र अजून चालतात, आणि त्यांच्या नाकाशी असलेला तांब्या-पितळेचा रेडिएटर हा आज दुर्मीळ होत चाललेल्या एका कारागिरीचा नमुना आहे.

रेडिएटरची रचना समजून घेतल्याशिवाय त्याच्या गळतीचा विचार करता येत नाही. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग शीतलक द्रवात, म्हणजे ज्याला सर्वत्र कूलंट म्हटले जाते त्या द्रवात उतरतो. पाण्याचा पंप तो द्रव इंजिनातून फिरवून रेडिएटरच्या वरच्या टाकीत आणतो, तेथून तो चपट्या, अरुंद नळ्यांमधून खाली उतरतो आणि नळ्यांच्या मधोमध बसवलेल्या पातळ पत्र्याच्या जाळीतून वाहणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते. नळ्या आणि जाळी यांचा मिळून जो गाभा होतो त्याला कारागीर कोअर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मोटारी पाणी उकळून वाफेवाटे उडू देत आणि वाटेत पुन्हा पाणी भरत. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९०१ च्या मर्सिडीज मोटारीसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तेव्हापासून थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवणे शक्य झाले. मूळ कल्पना आजही तीच आहे: धातूचा पृष्ठभाग वाढवायचा आणि पाण्याची धार बारीक करायची.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे प्रामुख्याने आतला द्रव आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. द्रव नव्वद अंशांवर आणि हवा वीस अंशांवर असेल तर फरक सत्तर अंशांचा होतो. हवा पंचेचाळीस अंशांवर गेली की तो पंचेचाळीसवर येतो. म्हणजे जानेवारीच्या सकाळी जो रेडिएटर भरपूर पुरतो, तोच जूनच्या दुपारी त्या क्षमतेच्या जेमतेम दोन तृतीयांशच काम करू शकतो, आणि पुढे वातानुकूलन यंत्राची जाळी बसवलेली असेल तर त्याच्यापर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते. थंड प्रदेशात वर्षानुवर्षे लक्षात न येणारी किरकोळ गळती किंवा थोड्याशा बुजलेल्या नळ्या जयपुरात एका उन्हाळ्यात इंजिनावर बेततात, याचे कारण हे अंकगणित आहे.

झाकणाचे महत्त्व बहुतेक मालकांना ठाऊक नसते. रेडिएटरचे झाकण म्हणजे स्प्रिंगवर चालणारी झडप असून ती आतला द्रव ठरावीक दाबाखाली ठेवते. प्रेशर कुकरमध्ये जसे पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही, तसेच येथे घडते. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर सरकतो. जयपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे उघडे पाणी शंभर अंश गाठण्यापूर्वीच उकळू लागते. झाकणाची रबरी चकती कडक झाली असेल तर हा दाब मुळी तयारच होत नाही आणि धडधाकट रेडिएटरही उकळतो. उलट चूकही होते. फार जुन्या मोटारींचे रेडिएटर चार ते सात पौंडांच्या दाबासाठी बांधलेले असत, तर नंतरच्या मोटारींना तेरा ते सोळा पौंडांची झाकणे असतात. दिसायला सारखे म्हणून नव्या गाडीचे झाकण जुन्या रेडिएटरवर बसवले की काही आठवड्यांत त्याचे डाखलेले सांधे उकलू लागतात. नवा रेडिएटर घेण्यापूर्वी झाकण तपासावे, हा नियम साधा असला तरी तो पाळला गेल्यास कित्येक रेडिएटर वाचतील.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. रामगडचा तलाव कोरडा पडल्यानंतर टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरील बीसलपूर धरणाचे पाणी जयपूरला मिळू लागले, तरी बोअरचे पाणी अनेक ठिकाणी वापरात आहेच, आणि गाडी तापली की हाताशी असेल ते पाणी ओतले जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात काठिण्य, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि अन्य स्रोत नसेल तर ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. असे ६०० मिलिग्रॅमचे पाणी एखाद्या गळक्या गाडीत रोज अर्धा लिटर भरले गेले, तर वर्षभरात तिच्या शीतलन यंत्रणेतून शंभर ग्रॅमहून अधिक क्षार जातात. थेंबांवाटे गळणारे पाणी काही क्षार बरोबर नेते, पण तापलेल्या धातूवर पाण्याची वाफ झाली की क्षार मागेच राहतात. शिवाय कॅल्शियम कार्बोनेट हा क्षार तापमान वाढले की अधिक विरघळण्याऐवजी बाहेर पडतो, म्हणून त्याचा थर नेमका इंजिनाच्या सर्वांत तप्त भिंतींवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा थर तांब्याच्या तुलनेत उष्णता इतकी कमी वाहू देतो की एक मिलिमीटरची पुटेही गाडी तापवण्यास पुरतात. गळती आणि पुटे अशा रीतीने एकमेकांना पोसतात: गळतीमुळे पाणी भरावे लागते, पाण्यामुळे पुटे बसतात, पुटांमुळे गाडी तापते, आणि तापल्यामुळे सांधे उकलून गळती वाढते. ‘गळते तेवढे भरत राहा’ हा सल्ला म्हणूनच स्वस्त नाही.

यावरचा उपाय म्हणजे इथिलीन ग्लायकॉल आणि क्षारविरहित पाणी यांचे मिश्रण. ग्लायकॉलचा संबंध बर्फाळ प्रदेशांशी जोडला जातो, कारण निम्म्या प्रमाणातील मिश्रण शून्याखाली सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही. परंतु जयपूरसाठी त्याची दोन वेगळी कामे महत्त्वाची आहेत. एक म्हणजे ते उत्कलनबिंदू वाढवते, आणि दुसरे म्हणजे त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये तांबे, ओतीव लोखंड, ॲल्युमिनियम आणि डाख या चारही धातुरूपांचे रक्षण करतात. ही द्रव्ये काळाने संपतात. द्रवाचा हिरवा किंवा लाल रंग तसाच राहतो, संरक्षण मात्र उरत नाही. सोबत मिसळायचे पाणी बॅटरीचे पाणी म्हणून दुकानांत मिळते तेच असावे, नळाचे नव्हे.

गळतीचे निदान हा या कामातील सर्वांत बौद्धिक भाग आहे आणि तोच सर्वाधिक उपेक्षित आहे. गाडीखाली दिसणारे ओले वर्तुळ रेडिएटरचेच असेल असे नाही; रबरी पाइपाचा सांधा, त्यावरची ढिली क्लिप, पाण्याचा पंप, इंजिनाच्या ठोकळ्यात बसवलेली पत्र्याची बुचे, यांपैकी कोणीही दोषी असू शकतो. पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, आणि आतली सील झिजली की तेथून पाणी ठिबकू लागते. हे ठिबकणे म्हणजे पंप बदलण्याची सूचना असते, ते छिद्र बुजवणे म्हणजे सूचना देणाऱ्याचे तोंड बंद करणे होय. बाहेर कोठेच ओल नसताना पाणी कमी होत असेल, धुराड्यातून पांढरी वाफ येत असेल आणि तेल दुधाळ झाले असेल, तर इंजिनाचा माथा व ठोकळा यांच्यामधील पातळ आवरण, म्हणजे हेड गॅस्केट, फुटलेले असते. अशा वेळी नवा रेडिएटर बसवणे हा निव्वळ अपव्यय ठरतो.

वागणुकीवरूनही बरेच कळते. गाडी चौकातल्या गर्दीत तापते पण मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर दोष पंख्याकडे असतो. मारुती ८०० सारख्या विजेच्या पंख्याच्या गाड्यांत तापमानावर चालणारी कळ तपासावी, पद्मिनीसारख्या गाड्यांत पट्टा. याउलट संथ चालताना ठीक असलेली गाडी महामार्गावर किंवा चढावर तापत असेल, तर नळ्या बुजलेल्या असतात. खात्रीची परीक्षा म्हणजे थंड गाडीच्या रेडिएटरवर हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरणे आणि काटा उतरतो का ते पाहणे. गरम गाडीचे झाकण उघडू नये, हे येथे पुन्हा सांगणे आवश्यक आहे, कारण दाब सुटताच आतला द्रव क्षणात वाफ होऊन उसळतो आणि त्याने चेहरा व हात भाजतात.

गावठी उपायांत हळदीचा मान मोठा आहे. भारतभरचे ट्रक आणि टॅक्सी चालक रेडिएटरमध्ये हळदपूड टाकून गळती थांबवत आले आहेत. हळदीतील पिठूळ कण पाण्यात फुगतात, गळतीच्या वाटेने बाहेर पडू पाहतात आणि तेथेच अडकून सुकतात, त्यामुळे बारीक छिद्र काही काळ बुजते. रात्री अपरात्री घाटात अडकलेल्या माणसाला घरापर्यंत पोहोचवणारा हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु छिद्र आणि नळी यांत हळदीला फरक करता येत नाही, आणि पुटांनी आधीच आक्रसलेल्या नळ्या ती तितक्याच तत्परतेने बुजवते. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक द्रवांनाही हेच लागू आहे. असा उपाय केल्यास गाडी घरी येताच यंत्रणा धुऊन काढावी.

तांब्या-पितळेच्या रेडिएटरची खरी दुरुस्ती पाहण्यासारखी असते. रेडिएटर गाडीतून काढून त्याची तोंडे बंद करतात, आत हवा भरतात आणि तो पाण्याच्या हौदात बुडवतात. जेथून बुडबुडे निघतात तेथे खूण होते. गळती टाकीच्या सांध्यावर असेल तर जुना डाख वितळवून, धातू घासून उजळ करून नवा डाख देतात. डाख म्हणजे शिसे आणि कथील यांचे मिश्रण. शिसे ३२७ अंशांवर आणि कथील २३२ अंशांवर वितळते, पण योग्य प्रमाणात एकत्र केल्यास ती दोन्ही १८३ अंशांवरच पातळ होतात, म्हणजे तांब्याला धक्का न लावता सांधा जोडता येतो. धातूवरचा गंजाचा पापुद्रा निघाल्याशिवाय डाख धरत नाही, म्हणून जस्त विरघळवलेले आम्ल किंवा नवसागर वापरतात. कल्हईवाल्याचा नवसागर हाच, आणि त्याचे तत्त्वही हेच. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी असो की जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात विकली जाणारी तांब्या-पितळेची भांडी असोत, तांबे तापवून, उजळवून, त्यावर दुसरा धातू चढवण्याच्या ज्ञानाचा जो प्रवाह या देशात आहे, त्याचेच मोटारयुगातील रूप रेडिएटरवाल्याच्या हातात दिसते. त्याला केवळ मिस्त्री समजणे अन्यायाचे आहे.

नळ्या बुजलेल्या असतील तर वरची व खालची टाकी आचेवर सोडवून प्रत्येक नळीतून पातळ चपटी सळई घालावी लागते. हे काम कंटाळवाणे असून त्यात घाई केल्यास नळी फाटते. मधली एखादी नळी फुटलेली असेल तर ती दोन्ही टोकांना डाखून कायमची बंद करतात; एक-दोन नळ्यांपुरते हे चालते, पण दहांतील एकीहून अधिक नळ्या बंद कराव्या लागत असतील तर जयपूरच्या उन्हात तो रेडिएटर पुरणार नाही. जाळीचे पापुद्रे बोटाने दाबताच चुरा होत असतील, किंवा नळ्यांच्या मुळाशी पांढरी-हिरवी बुरशीसारखी वाढ सर्वत्र पसरली असेल, तर एक सांधा बंद करताच शेजारचा उघडतो. तेव्हा मूळ टाक्या ठेवून नवा कोअर बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय: गाडीचे मूळ रूप टिकते आणि उष्णता टाकण्याची क्षमता पुन्हा पूर्ण मिळते.

या कामाची एक काळी बाजू आहे आणि ती लपवली जाऊ नये. शिशाच्या विषबाधेचा धोका असलेल्या व्यवसायांत रेडिएटर दुरुस्तीची गणना जगभर होते. ज्योत गरजेपेक्षा तीव्र झाली की शिशाचे धूर उठतात, जुने सांधे तारेच्या ब्रशने घासताना त्याची भुकटी उडते, आणि ती हातावरून भाकरीत व कपड्यांवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात शिशाची विषबाधा हा नोंदवणे बंधनकारक असलेला आजार होता. परंतु दोन-तीन माणसांच्या गाळ्याला तो कायदा सहसा लागू होत नसे, म्हणजे धोका जेथे सर्वाधिक तेथे संरक्षण सर्वांत कमी. हवा बाहेर फेकणारा पंखा, कामाचे वेगळे कपडे, जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात आणि अधूनमधून रक्ताची तपासणी, इतक्या गोष्टींनी मोठा फरक पडतो. दुरुस्तीचे दर ठरवताना घासाघीस करणाऱ्या ग्राहकाने या माणसाच्या श्वासाची किंमतही त्यात धरायला हवी.

ॲल्युमिनियमच्या रेडिएटरचे शास्त्र वेगळे आहे. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेते, पण त्याचे वजन तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते. शिवाय त्याच्या रुंद, मजबूत नळ्या करता येतात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांनी तांबे सोडून ॲल्युमिनियमचा गाभा आणि काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या स्वीकारल्या. मधे रबरी पट्टी ठेवून टाकीच्या कडेवर धातूचे दाते वाकवलेले असतात. ॲल्युमिनियमवर हवेशी संयोग होऊन क्षणात जो चिवट पापुद्रा बनतो त्यावर साधा डाख धरत नाही, आणि नायलॉन उष्णतेने वर्षानुवर्षे ठिसूळ होत गेलेले असते. रबरी पट्टी बदलता येते, पण टाकीला गेलेला तडा चिकटद्रव्याने भरणे हे थोड्या दिवसांचे काम ठरते. अशा रेडिएटरबाबत बदलणे हेच योग्य उत्तर आहे, आणि वडोदऱ्याच्या बँको किंवा पुण्याच्या टाटा टोयोसारख्या भारतीय उत्पादकांमुळे प्रचलित गाड्यांसाठी ते अवघडही नाही. येथे एक घातक गफलत टाळावी लागते: पितळी रेडिएटर उकळून साफ करण्यासाठी वापरला जाणारा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो, म्हणून दोन्ही एकाच हौदात कधीही घालू नयेत.

नवा रेडिएटर सहा महिन्यांत पुन्हा गळू लागला तर मालाला दोष दिला जातो, पण अनेकदा कारण विजेत असते. इंजिन आणि बॅटरी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर विद्युतप्रवाह शीतलक द्रवातून वाट काढतो आणि धातू आतून कुरतडतो. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे द्रवात बुडवून पाहिल्यास, रेडिएटरच्या धातूला स्पर्श न करता, ०.३ व्होल्टहून अधिक आकडा दिसणे ही धोक्याची खूण मानतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची उत्तर भारतातील सवयही सोडण्यासारखी आहे. सुमारे ८२ अंशांवर उघडणारी ही मेणाची झडप इंजिन लवकर तापावे आणि मग स्थिर राहावे यासाठी असते. ती काढली की हिवाळ्याच्या सकाळी इंजिन बराच वेळ थंड चालते, पेट्रोल अधिक खाते आणि झिजते. झडप अडकत असेल तर ती बदलावी. पाण्यात टाकून ते तापवत नेले की ती कोणत्या तापमानाला उघडते हे घरच्या घरीही पाहता येते.

शेवटचे काम द्रव भरण्याचे. रेडिएटर बसवल्यावर हीटर असल्यास तो पूर्ण उघडून, झाकण न लावता थंड इंजिन चालू करतात. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि पातळी खाली जाते, तेव्हा वरून भर घालून मग झाकण लावतात. काढलेला जुना द्रव रस्त्यावर किंवा नालीत ओतू नये. ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री आणि जनावरे ते आवडीने चाटतात, आणि थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंडे निकामी करते. जयपूरच्या गल्ल्यांत मोकळ्या फिरणाऱ्या प्राण्यांची संख्या पाहता हा द्रव झाकणबंद डब्यात साठवून गॅरेजमार्फतच बाहेर जायला हवा. दुरुस्तीनंतर पहिले आठवडाभर सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पाहावी आणि गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवावा. पुठ्ठा कोरडा राहिला आणि पातळीही हलली नाही, तरच झाकण, पाइप आणि सांधे यांचे काम पूर्ण झाले असे धरावे.